आपत्तीतील तातडीचे मदत पथक आणि गावाची पूर्वतयारी



३० सप्टेंबर १९९३ ची पहाट मराठवाडा विसरलेला नाही. गणेश विसर्जन आटोपून लोक उशिरा घरी परतले होते आणि गाढ झोपेत होते. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी परिसर हादरला. लातूर व उस्मानाबाद (आताचा धाराशिव) या जिल्ह्यांत दगड-मातीच्या जाड भिंती आणि माळवदाचा भार झोपलेल्या माणसांवर कोसळला. जवळजवळ आठ हजार माणसे दगावली. पुढे लष्कर आले, डॉक्टर आले, राज्यभरातून कार्यकर्ते आले. परंतु ते पोचेपर्यंत ढिगारा उपसणारे हात शेजाऱ्यांचेच होते.

परभणी जिल्ह्यालाही हा विषय दूरचा नाही. २१ मार्च २०२४ रोजी हिंगोली जिल्ह्यात केंद्र असलेला ४.५ तीव्रतेचा धक्का आपल्याकडेही जाणवला. गोदावरी, पूर्णा व दुधना या नद्यांचे पूर तर नेहमीचेच. ऑगस्ट २००६ मध्ये जायकवाडीतून मोठा विसर्ग झाला, तेव्हा गोदाकाठच्या गावांनी त्याचा तडाखा सोसला. म्हणून तातडीची पथके कशी काम करतात आणि ती येईपर्यंत आपण काय करावे, हे प्रत्येक गावाला माहीत असले पाहिजे.

तातडीचे पथक म्हणजे काय?

किल्लारीच्या वेळी केवळ अशा कामासाठी उभारलेले दल देशात नव्हते. आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ मध्ये झाला आणि त्यानुसार राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल उभे राहिले. महाराष्ट्रासाठी या दलाची पाचवी बटालियन पुणे येथे आहे. याशिवाय राज्य आपत्ती प्रतिसाद दलाच्या तुकड्या धुळे व नागपूर येथे आहेत.

राष्ट्रीय दलाच्या एका पथकात साधारण ४५ जवान असतात. त्यांत बचावकार्याचे जाणकार, तंत्रज्ञ, इलेक्ट्रिशियन, प्रथमोपचार देणारे व श्वानपथक यांचा समावेश असतो. साहित्य आधीच बांधून ठेवलेले असते, त्यामुळे आदेश मिळताच पथक निघते. फेब्रुवारी २०२३ च्या भूकंपानंतर याच दलाची पथके तुर्कस्तानात गेली होती.

पुरासाठी त्यांच्याकडे हवा भरायच्या रबरी नावा, त्यांना लावायची इंजिने, लाइफ जॅकेट व दोर असतात. पडलेल्या इमारतीसाठी काँक्रीट व लोखंड कापणारी यंत्रे, भार उचलणाऱ्या हवेच्या पिशव्या, फटीतून आत पाहणारा कॅमेरा आणि ढिगाऱ्याखालील हालचाल टिपणारी उपकरणे असतात.

पहिले तास गावाचेच

एवढी तयारी असूनही अंतर कमी होत नाही. पुणे ते परभणी हा रस्ता साडेतीनशे किलोमीटरहून अधिक आहे. पावसाळ्यात प्रशासन काही पथके आधीच जोखमीच्या भागात आणून ठेवते, तरीही पूल पाण्याखाली गेल्यास वाट बंद होते. खराब हवामानात हेलिकॉप्टर उडू शकत नाही. १९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळली, तेव्हा मोठी यंत्रे डोंगरावर नेता आली नाहीत. जवानांना पायी चढून फावड्या-कुदळीने माती काढावी लागली.

बुडणाऱ्याला मिनिटांत मदत लागते, दडपलेल्याला तासांत. म्हणून पहिली मदत गावातूनच मिळायला हवी.

गावाचे पथक व साहित्य

मृग नक्षत्रापूर्वी ग्रामपंचायतीने दहा-बारा धडधाकट तरुण-तरुणींचे पथक नेमावे. त्यात पट्टीचे पोहणारे, ट्रॅक्टरचालक, गवंडी, वायरमनचे काम जाणणारा आणि आशा कार्यकर्ती असावी. तहसील कार्यालयाकडे ‘आपदा मित्र’ प्रशिक्षणाची चौकशी करावी. पुढील साहित्य बहुतेक शेतकऱ्यांच्या घरी असतेच, फक्त ते एका ठिकाणी असावे :

१. शंभर फुटी मजबूत नायलॉन दोर, किमान दोन.
२. ट्रॅक्टरच्या मोठ्या चाकाच्या हवा भरलेल्या ट्यूब, चार.
३. पहार, टिकाव, फावडी, घमेली, कुऱ्हाड, करवत.
४. ट्रॅक्टरचा हायड्रॉलिक जॅक व लाकडी ठोकळे.
५. बॅटऱ्या, शिट्ट्या, ताडपत्री, प्रथमोपचार पेटी.
६. जखमीला नेण्यासाठी हलकी बाज.

कीटकनाशकाचे रिकामे डबे पिण्याच्या पाण्यासाठी कधीही वापरू नयेत, ते कितीही धुतलेले असले तरी.

पुराच्या वेळी

विसर्गाची सूचना मिळताच गुरांची दावी सोडून जनावरे उंच जागी न्यावीत. मोटार वाचवण्यासाठी नदीपात्रात उतरू नये. पुलावरून दोन फूट पाणी वाहत असेल तर ते जीपसारखे वाहनही ओढून नेते. ट्रॅक्टर जड आहे या भरवशावर कोणीही पाण्यात घालू नये.

बुडणाऱ्यासाठी आधी काठी पुढे करावी, मग दोर किंवा ट्यूब फेकावी. झाकण घट्ट लावलेल्या पाच लिटरच्या स्वच्छ कॅनमध्ये थोडे पाणी ठेवून त्याला दोर बांधला, तर तो लांब फेकता येतो व तरंगतोही. पोहून जाणे हा शेवटचा उपाय समजावा. नाव मिळाली तर तिच्यात क्षमतेपेक्षा एकही माणूस जास्त घेऊ नये. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगली जिल्ह्यातील ब्रह्मनाळ येथे सुटकेसाठी निघालेली नाव उलटली आणि अनेक ग्रामस्थ बुडाले.

घर कोसळल्यास

प्रथम वीज बंद करून घ्यावी. कोण कोठे झोपले होते हे घरच्यांना विचारावे. मग सर्वांना गप्प करून, ट्रॅक्टर व इंजिने बंद ठेवून हाका माराव्यात आणि कान देऊन ऐकावे. दर तासाला असे करावे. आत माणूस असण्याची शक्यता असताना जेसीबीने ढिगारा ओढू नये, त्याने आतली पोकळी बसते. माती घमेल्याने वरून काढावी. तुळई जॅकने उचलताना एक इंच उचलली की एक इंच ठोकळा खाली सरकवावा. तडे गेलेल्या भिंतीखाली गर्दी करू नये.

एखाद्याचा पाय किंवा मांडी काही तास दडपलेली असेल, तर भार उचलण्यापूर्वी डॉक्टरांना बोलवावे. भार एकदम निघाल्यावर दडपलेल्या स्नायूंतील विषारी द्रव्ये रक्तात पसरतात व हृदय बंद पडू शकते. डॉक्टर येईपर्यंत त्याला बोलते ठेवावे व पांघरूण घालावे. मात्र श्वास कोंडत असेल तर छाती व तोंड लगेच मोकळे करावे.

पथकाला कसे बोलवावे?

जिल्हा नियंत्रण कक्षाचा क्रमांक १०७७ आहे. पोलीस व अन्य तातडीच्या मदतीसाठी ११२ आणि रुग्णवाहिकेसाठी १०८ हे क्रमांक आहेत. निरोप देताना गावाबरोबर तालुका व जवळचे मोठे गाव सांगावे, कारण पिंपरी किंवा पिंपळगाव एकच नसते. किती माणसे अडकली, पाणी वाढते की उतरते, कोणता रस्ता चालू आहे, हे नेमके सांगावे. जिल्हाधिकारी हे जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष असतात. मोठ्या पथकाची मागणी त्यांच्याकडून पुढे जाते.

पथक येताच जाणत्या माणसाने पुढे होऊन नदीतील डोह, विहिरी, बुडालेली कुंपणे व विजेच्या तारा दाखवाव्यात. पाण्याखालच्या तारेच्या कुंपणाने रबरी नाव फाटते. हेलिकॉप्टर येणार असेल तर तारा नसलेले टणक मैदान मोकळे करावे. ताडपत्र्या, पत्रे व कडबा दूर करावा आणि बघ्यांना लांब ठेवावे.

बंधूंनो, पेरणीआधी आपण तिफण, बियाणे व खत यांची तजवीज करतो. त्याच दिवसांत एक सकाळ दोर तपासण्यासाठी, ट्यूबमध्ये हवा भरण्यासाठी आणि पारावर बसून कोणाचे काम कोणते हे ठरवण्यासाठी द्यावी. हे साहित्य कधी वापरावे लागू नये, हीच इच्छा. पण वेळ आलीच, तर पथकाच्या गाड्या दिसेपर्यंत गावातील माणूस जिवंत ठेवणे आपल्याच हाती आहे.