बाईकला एक्स्ट्रा लाइट घरी कशी बसवायची? रिले, फ्यूज, सेटिंग आणि नियम, सगळं सोप्या भाषेत

भिवंडीतून वाड्याकडे निघालं की नदीनाका ओलांडल्यावर शेलार लागतं. मी इथलाच. आमच्याकडची बरीच पोरं यंत्रमागाच्या कारखान्यात नाहीतर गोदामात शिफ्टला असतात आणि रात्री-अपरात्री बाईकवर घरी येतात. पुढे कवाड, अनगाव, आंबाडीकडे जाताना ट्रक-कंटेनरची वर्दळ, पावसाळ्यात खड्डे आणि मध्ये मध्ये गुडूप अंधार. त्यामुळे "भावा, फॉग लाइट कुठली घेऊ?" हा प्रश्न मला नेहमी येतो.

खरं सांगायचं तर कुठली घेऊ हा प्रश्न नंतरचा आहे. लाइट लेगगार्डला कसायला दहा मिनिटं लागतात. महत्त्वाच्या गोष्टी दोनच: वायर गरम होऊन जळणार नाही ना, आणि समोरून येणारा माणूस आंधळा होणार नाही ना. या लेखात आपण त्या दोन्ही नीट समजून घेऊया.

आधी आहे ती हेडलाइट तपासा

खर्च करण्याआधी तीन गोष्टी बघा. हेडलाइटची काच पिवळी किंवा धुळकट झाली आहे का? बल्ब जुना होऊन मंद पडलाय का? आणि हेडलाइटचा अँगल बरोबर आहे का? बऱ्याच कम्युटर बाईकमध्ये ३५/३५ वॅटचा हॅलोजन बल्ब असतो. हेडलाइट वर झाली असेल तर उजेड रस्त्याऐवजी झाडांवर पडतो. हेडलाइटच्या मागे किंवा खाली सेटिंगचा स्क्रू असतो. तो फिरवून काम झालं तर पैसे वाचले.

कायदा काय म्हणतो?

हा भाग सोडून पुढे जाऊ नका, कारण चलन तुमच्या नावावर येणार आहे.

- केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला नियम १०६ सांगतो की पुढच्या दिव्याचा झोत खाली झुकलेला हवा, नाहीतर चालकाला तो खाली झुकवता आला पाहिजे. मोजमापही दिलंय: दिव्यापासून ८ मीटर पुढे, दिव्याच्या उजव्या कडेपासून अर्धा मीटर बाजूला आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर ज्याचे डोळे आहेत, त्याचे डोळे दिपता कामा नयेत.
- नियम १११ नुसार गाडीच्या पुढे स्पॉट लाइट किंवा सर्च लाइट लावायला मनाई आहे. अपवादात्मक परिस्थितीत, तेही आरटीओची आधी परवानगी घेतली तरच चालते.
- २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात कलम १८२अ आलं. परवानगी नसलेला बदल केला तर प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं.

म्हणजे "बाजारात मिळते, तर चालतच असेल" हा हिशोब इथे लागू होत नाही. सगळ्यात सुरक्षित पर्याय म्हणजे तुमच्या बाईकच्या कंपनीचीच ॲक्सेसरी. उदाहरणार्थ, रॉयल एनफिल्ड आपल्या काही मॉडेल्ससाठी स्वतःच्या ऑक्झिलरी लाइट्स विकते. बाहेरची लाइट घेणार असाल तर पसरट आणि खाली पडणारा झोत असलेलीच घ्या. लाल-निळ्या फ्लॅशिंगवाल्या लाइट्सचा तर विषयच नको.

गाडीला किती वॅट झेपतील?

शाळेतलं साधं गणित: वॅट = व्होल्ट × अँपिअर. २० वॅटच्या दोन लाइट्स म्हणजे ४० वॅट. ४० भागिले १२ म्हणजे साधारण ३.३ अँपिअर.

आता १२ व्होल्ट, ५ अँपिअर-अवर बॅटरीचा विचार करा. इंजिन बंद ठेवून या लाइट्स लावल्या तर कागदावर बॅटरी दीड तास चालेल. पण सेल्फ स्टार्ट त्याच्या बराच आधी मान टाकेल. इंजिन चालू असताना करंट चार्जिंग सिस्टीम देते, पण तिलाही मर्यादा असते. १ एप्रिल २०१७ पासून बनलेल्या दुचाकींमध्ये इंजिन चालू असेपर्यंत हेडलाइट चालूच राहते, म्हणजे तेवढा भार आधीपासूनच असतो. छोट्या कम्युटर बाईकला दोन्ही लाइट्स मिळून ३०-४० वॅटच्या पुढे जाऊ नका.

एक टिप: स्वस्त लाइटच्या बॉक्सवर "१२० वॅट" छापलेलं असतं, त्यावर जाऊ नका. मल्टीमीटर १० अँपिअरच्या सेटिंगवर ठेवून लाइटच्या लाइनमध्ये जोडा आणि करंट मोजा. १.५ अँपिअर दाखवला तर ती लाइट साधारण १८-१९ वॅटची आहे, बॉक्स काहीही म्हणो.

काय काय सामान लागेल?

- लाइट्सची जोडी, किमान आयपी६७ रेटिंगची (१ मीटर पाण्यात अर्धा तास टिकते, प्रेशर वॉशरचा फवारा मात्र या टेस्टमध्ये येत नाही)
- १२ व्होल्टचा ४ पिन रिले आणि त्याचं सॉकेट
- फ्यूज होल्डर आणि ५ अँपिअरचा ब्लेड फ्यूज
- १ ते १.५ स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर, दोन रंगांत
- वॉटरप्रूफ स्विच, क्रिंप कनेक्टर, हीट श्रिंक स्लीव्ह, केबल टाय
- मल्टीमीटर आणि पाने

रिले कशाला? थेट स्विच लावला तर?

थेट स्विच लावला तर लाइटचा सगळा करंट हँडलवरच्या बारीक वायरमधून आणि स्विचच्या छोट्या पॉइंटमधून जातो. पॉइंट तापतो, प्लास्टिक वितळतं आणि पेट्रोलच्या टाकीखाली ठिणगी पडायला वेळ लागत नाही.

रिले म्हणजे करंटने चालणारा स्विच. त्याच्या आतल्या कॉइलला अगदी थोडा करंट लागतो, साधारण ०.१५ अँपिअर. हँडलवरचा स्विच फक्त एवढाच करंट हाताळतो. लाइटचा मोठा करंट जाड वायरने बॅटरीतून रिलेमार्गे थेट लाइटला जातो. यंत्रमागाच्या कारखान्यात हिरवं बटण दाबल्यावर मोटर सुरू होते, तेव्हा मोटरचा करंट बटणातून जात नाही, स्टार्टरमधून जातो. इथेही तसंच.

रिलेच्या पिन लक्षात ठेवा:

- ३०: बॅटरीचा पॉझिटिव्ह, फ्यूजमार्गे
- ८७: लाइट्सचा पॉझिटिव्ह
- ८५: निगेटिव्ह
- ८६: हँडलवरच्या स्विचकडून येणारी वायर

स्टेप बाय स्टेप

१. सीट आणि साइड पॅनल काढण्याआधी आणि काढल्यावर फोनने फोटो काढा. कुठला सॉकेट कुठे होता हे नंतर आठवत नाही, फोटो बघून कळतं.

२. चावी बंद करा. बॅटरीचा निगेटिव्ह आधी काढा, मग पॉझिटिव्ह. उलट केलं तर पाना फ्रेमला लागून शॉर्ट होऊ शकतो.

३. लाइट्स लेगगार्डवर किंवा फोर्कवर, हेडलाइटच्या खाली कसा. लेगगार्डवरची लाइट हँडलबरोबर वळत नाही, पण समोर पसरट उजेड देते. बोल्टला स्प्रिंग वॉशर लावा, नाहीतर आपल्या रस्त्यांवर आठवड्यात ढिली होईल.

४. लाइटपासून वायर फ्रेमच्या कडेने मागे आणा. सायलेन्सर आणि इंजिनपासून लांब ठेवा. हँडलजवळ थोडी ढील ठेवा आणि हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून वायर ताणत नाही ना ते बघा.

५. रिले सीटखाली कोरड्या जागी बसवा, पिनांचं तोंड खाली. फ्यूज बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून वीतभर अंतरातच हवा. फ्यूज आणि बॅटरीमधल्या वायरला संरक्षण नसतं, म्हणून ती जितकी छोटी तितकं चांगलं.

६. स्विचला करंट कुठून द्यायचा? अशी वायर शोधा जिच्यात चावी चालू केल्यावर १२ व्होल्ट आणि बंद केल्यावर शून्य येतो, उदाहरणार्थ टेल लाइटची किंवा हॉर्नची. पक्कं करण्यासाठी मल्टीमीटरने डीसीवर मोजा. काही जुन्या छोट्या बाईकमध्ये हेडलाइट एसीवर चालते. त्या वायरवर रिले नुसता टकटक वाजत राहील.

७. जोड पिळून चिकटपट्टी मारू नका. क्रिंप करा, वर हीट श्रिंक चढवा. पहिल्या पावसात चिकटपट्टीच्या आत पाणी शिरतं आणि तांबं हिरवं पडतं.

८. बॅटरी जोडताना आधी पॉझिटिव्ह, शेवटी निगेटिव्ह. मग चावी चालू करून टेस्ट करा. चावी बंद केली की लाइट गेलीच पाहिजे.

तुमची बाईक नवीन असेल आणि तिचं वायरिंग कंट्रोल युनिटवर चालत असेल, तर कुठलीही वायर सोलू नका. वॉरंटीचाही प्रश्न येतो. ती बाईक सरळ सर्व्हिस सेंटरला न्या.

सेटिंग: खरी परीक्षा इथे आहे

बाईक सपाट जागेवर, भिंतीपासून ५ मीटरवर उभी करा. जमीन सपाट आहे का ते फोनच्या लेव्हल ॲपने बघा. बाईक स्टँडवर नको. मित्राला सीटवर बसवून ती सरळ उभी धरायला सांगा, कारण वजनाने मागचा भाग दबतो आणि झोत वर जातो.

जमिनीपासून लाइटच्या मधोमधपर्यंत उंची मोजा. समजा ७० सेंटीमीटर आली. भिंतीवर त्याच उंचीवर खडूने रेघ मारा आणि तिच्याखाली १० सेंटीमीटरवर दुसरी. झोताची वरची कड दुसऱ्या रेघेवर आणा. ५ मीटरला १० सेंटीमीटर उतार म्हणजे उजेड साधारण ३५ मीटरवर जमिनीला टेकतो. खड्डे दिसायला एवढं पुरेसं आहे, लांबचं बघायला हेडलाइट आहेच.

आता नियम १०६ ची टेस्ट घरीच करा. ८ मीटर पुढे, लाइटच्या उजव्या कडेपासून अर्धा मीटर बाजूला जा आणि डोळे दीड मीटर उंचीवर आणून बघा. डोळे मिटावेसे वाटले तर लाइट अजून खाली करा. वाड्याकडून येणाऱ्या बाईकवाल्याला नेमकं तेच दिसणार आहे. आपल्या रस्त्यावर मध्ये डिव्हायडर नसेल, तर त्याचे डोळे दिपल्यावर तो कुठे येईल? आपल्याच अंगावर.

शेवटची तपासणी: चार्जिंग

इंजिन बंद असताना चांगली बॅटरी १२.४ ते १२.७ व्होल्ट दाखवते. इंजिन चालू करून, सगळ्या लाइट्स लावून थोडा रेस द्या. १३.५ ते १४.५ च्या आसपास आलं तर उत्तम. १३ च्या खालीच राहत असेल तर भार जास्त झालाय, कमी वॅटच्या लाइट्स घ्या. १५ च्या वर जात असेल तर रेग्युलेटर दाखवून घ्या.

नेहमीचे प्रश्न

पिवळी लाइट धुकं कापते का? धुक्याचे थेंब प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा खूप मोठे असतात, त्यामुळे पांढरा-पिवळा सगळेच रंग जवळपास सारखेच विखुरतात. धुक्यात फायदा होतो तो लाइट खाली असण्याचा आणि झोत पसरट असण्याचा. रंग आवडीने निवडा.

फ्यूज सारखा उडतोय, १५ चा लावू का? अजिबात नको. फ्यूज उडतोय म्हणजे कुठेतरी शॉर्ट आहे. मोठा फ्यूज टाकला तर फ्यूजऐवजी वायर जळेल. सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळणं तर त्याहून वाईट.

गावात, सिग्नलला लाइट चालू ठेवू का? पथदिवे आहेत तिथे बंद. समोरून गाडी दिसली की डिप्पर द्या आणि एक्स्ट्रा लाइटही बंद करा. म्हणूनच स्विच अंगठ्याला लागेल असा, डिप्परच्या बटणाजवळ बसवा.

मल्टीमीटर हातात धरायची सवय नसेल, तर हाच लेख फोनवर उघडून ऑटो इलेक्ट्रिशियनला दाखवा आणि एवढंच म्हणा: "दादा, रिले आणि फ्यूज लावूनच द्या." तो नको म्हणाला तर दुसरा बघा.