हिशेबाबाहेर राहिलेले कान

कर्करोगावरच्या सिसप्लॅटिन या औषधाची गेल्या साठ वर्षांची कहाणी बहुधा यशोगाथा म्हणूनच सांगितली जाते, आणि ती तशी आहेही. १९६५ साली मिशिगन स्टेट विद्यापीठात बार्नेट रोझेनबर्ग जिवाणूंवर विजेचा काय परिणाम होतो ते तपासत होते. जिवाणूंचं विभाजन थांबलं, वाढ मात्र थांबली नाही. नेहमीच्या लांबीच्या तीनशेपटीपर्यंत त्यांचे लांबच लांब धागे झाले. करामत विजेची नव्हतीच. कशातही न विरघळणारे म्हणून निवडलेले प्लॅटिनमचे इलेक्ट्रोड किंचित विरघळले होते आणि त्यातून तयार झालेलं संयुग पेशींचं विभाजन रोखत होतं. १९६९ मध्ये त्यानं उंदरांच्या गाठी विरघळल्याचं प्रसिद्ध झालं, १९७१ मध्ये ते माणसांना दिलं जाऊ लागलं आणि १९७८ च्या अखेरीस अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. इंडियाना विद्यापीठाच्या लॉरेन्स आइनहॉर्न यांनी ते इतर औषधांच्या जोडीनं वापरलं, आणि अंगभर पसरलेल्या वृषणाच्या कर्करोगानं ज्या वयात तरुण मुलं जात, त्या वयातली बहुतेक मुलं बरी होऊन घरी जाऊ लागली.

त्या पहिल्या वर्षांचे अहवाल आज वाचताना एक गोष्ट मनाला लागते. कानांचं नुकसान नंतर कधीतरी उघडकीला आलं असं नाही. कानात सतत आवाज येणं आणि बारीक, तीव्र स्वर ऐकू न येणं, या दोन्ही तक्रारी १९७० च्या दशकातल्या सुरुवातीच्या चाचण्यांमध्येच लिहिलेल्या आहेत. लक्ष मात्र दुसरीकडे गेलं. सिसप्लॅटिन मूत्रपिंडं निकामी करत होतं, त्यामुळे औषधच बंद पडायची वेळ आली होती. मग भरपूर सलाइन आणि मॅनिटॉल देऊन मूत्रपिंडं सांभाळायची रीत बसली. उलट्या इतक्या भयानक होत की रुग्ण उपचार अर्धवट सोडून जात. १९९१ मध्ये ऑन्डॅनसेट्रॉन आलं आणि तोही प्रश्न पुष्कळसा सुटला. कानामुळे मात्र औषध क्वचितच थांबत होतं. कान गेला म्हणून माणूस मरत नाही, पुढची किमो चुकत नाही, रक्ताच्या रिपोर्टात काही दिसत नाही. ज्या त्रासानं उपचार अडतो तो आधी हातात घेतला गेला आणि जो फक्त रुग्णाच्या पुढच्या आयुष्याला छळतो तो मागे राहिला. जीव वाचवणाऱ्यांना मी याचा दोष देत नाही. पण पन्नास वर्षं हा क्रम बदलला नाही, हे मला मान्य होत नाही.

आतल्या कानात, गोगलगाईच्या शंखासारख्या वेटोळ्यात, आवाज टिपणाऱ्या साधारण साडेतीन हजार आतल्या आणि बारा हजार बाहेरच्या केसपेशी असतात. जन्माला येताना जेवढ्या मिळाल्या तेवढ्याच, मेलेली पेशी पुन्हा उगवत नाही. सिसप्लॅटिन आधी बाहेरच्या पेशी मारतं, आणि तेही वेटोळ्याच्या तळाशी असलेल्या, म्हणजे उंच स्वर टिपणाऱ्या. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या लिसा कनिंगहॅम यांच्या चमूनं दाखवलं की इतर बहुतेक अवयवांतून हे औषध काही दिवसांत, आठवड्यांत निघून जातं. आतल्या कानात मात्र ते महिनोन् महिने, वर्षानुवर्षं साठून राहतं. शेवटची किमो होऊन बराच काळ लोटल्यावरही काहींचं ऐकणं का ढासळत जातं, याचं एक सबळ कारण त्यामुळे हाती आलं.

असा माणूस बहिरा वाटत नाही. गाडीचा हॉर्न, दारावरची थाप, शेजारच्या खोलीतलं बोलणं, सगळं त्याला ऐकू येतं. ‘स’, ‘श’, ‘फ’, ‘थ’ अशा अक्षरांची धार मात्र उंच स्वरांत असते, ती गळून पडते. ‘साठ’चं ‘आठ’ होतं, ‘सात’चं ‘आत’. ‘आवाज येतो हो, पण काय बोललात ते कळत नाही,’ असं रुग्ण सांगतात, आणि घरच्यांना वाटतं की आजारपणानं यांचं लक्ष उडालंय. लग्नाच्या हॉलमध्ये, बँकेच्या खिडकीशी, पंखा चालू असलेल्या खोलीत ही माणसं नुसती मान डोलावतात. अमेरिकेत वृषणाच्या कर्करोगातून बऱ्या झालेल्या ४८८ पुरुषांचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांच्यातल्या चाळीस टक्क्यांच्या कानात सतत आवाज होता, आणि जवळपास पाचातल्या एकाचं ऐकणं तीव्र किंवा अतितीव्र प्रमाणात गेलेलं होतं.

लहान मुलांचं दुःख याहून मोठं. यकृताच्या, मेंदूच्या, हाडांच्या गाठींवर सिसप्लॅटिन दिलं जातं तेव्हा काही मुलं नुकती बोलायला शिकत असतात. वय जितकं कमी तितका धोका जास्त. जो स्वर मूल ऐकतच नाही तो ते उच्चारणार कुठून?

पहिला खरा दिलासा मुलांनाच मिळाला, आणि तो एका साध्या, जुन्या रसायनातून. फोटोच्या डार्करूममध्ये ‘हायपो’ नावाचं द्रावण असायचं, ते सोडियम थायोसल्फेट. ते प्लॅटिनमला बांधून ठेवतं. पोर्टलंडचे एडवर्ड न्यूवेल्ट यांनी यावर कित्येक वर्षं काम केलं. अडचण उघड होती: कानाला वाचवणारं औषध गाठीलाही वाचवेल का? म्हणून सिसप्लॅटिन संपल्यावर सहा तास थांबून ते द्यायचं ठरलं. पेनेलोपी ब्रॉक यांच्या पुढाकारानं झालेल्या आंतरराष्ट्रीय चाचणीचे निष्कर्ष २०१८ मध्ये आले. यकृताचा कर्करोग असलेल्या, कमी धोक्याच्या गटातल्या मुलांपैकी ज्यांना थायोसल्फेट मिळालं त्यांच्यातल्या ३३ टक्के मुलांचं ऐकणं कमी झालं, ज्यांना मिळालं नाही त्यांच्यातल्या ६३ टक्के. जगण्याच्या प्रमाणात घट दिसली नाही. मात्र वर्षभर आधीच्या अमेरिकी चाचणीत, ज्यांचा आजार पसरलेला होता त्या मुलांच्या जगण्याबाबत शंका उभी राहिली होती. म्हणूनच २०२२ च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेत मिळालेली मान्यता न पसरलेल्या गाठींपुरती, आणि अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांपुरती आहे. ही सावधगिरी मला रास्त वाटते.

आपल्याकडे सिसप्लॅटिनशी गाठ पडते ती मुख्यतः तोंडाच्या, घशाच्या आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगात, लाईटच्या, म्हणजे किरणोपचाराच्या, जोडीला. तंबाखू-गुटख्यानं ग्रासलेल्या महाराष्ट्रात ही माणसं किती असतील ते टाटा हॉस्पिटलच्या आवारात सकाळी उभं राहिलं की दिसतं. याच टाटामध्ये झालेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तीनशे रुग्णांची तुलना केली होती: शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरमागे, दर आठवड्याला ३० मिलिग्रॅमचा छोटा डोस की दर तीन आठवड्यांनी १०० मिलिग्रॅमचा मोठा. मोठ्या डोसनं दोन वर्षांनंतर ७३ टक्के रुग्णांत आजार जागेवर आटोक्यात राहिला, छोट्यानं साडेअठ्ठावन्न टक्क्यांत. त्रासही मोठ्याचाच जास्त. पुढे २०२२ मध्ये जपानी डॉक्टरांनी ऑपरेशन झालेल्या रुग्णांत त्याच मापानं आठवड्याला ४० मिलिग्रॅम देऊन पाहिलं. जगण्यात ते मोठ्या डोसपेक्षा कमी पडलं नाही, आणि कानांचं नुकसान कमी झालं. २०२३ मध्ये पुन्हा टाटाचंच काम आलं, ज्यांना सिसप्लॅटिन देता येत नाही अशा रुग्णांसाठी. सिसप्लॅटिन न देण्याच्या कारणांत आधीपासून कमी असलेलं ऐकणंही होतं. लाईटसोबत डोसिटॅक्सेल हे दुसरं किमोचं औषध दिल्यावर दोन वर्षांनी जिवंत असलेल्यांचं प्रमाण जवळपास ४२ टक्क्यांवरून ५१ टक्क्यांच्या आसपास गेलं. कान सांभाळायचा तर उपचारावर पाणी सोडायचं, ही सक्ती तिथे थोडी सैल झाली.

पण कान आधीच कमजोर आहे हे कळायला तो आधी तपासायला हवा. सिसप्लॅटिनपूर्वी मूत्रपिंडांसाठी क्रिएटिनिन न पाहणारा डॉक्टर सापडणार नाही. ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, मात्र कित्येक ठिकाणी रुग्णानं तक्रार केल्यावरच होते, आणि तोवर पेशी गेलेल्या असतात. ही तपासणी सुईशिवाय होते, तासाभराच्या आत होते. ती उपचारापूर्वी, चालू असताना आणि संपल्यावरही काही वर्षं व्हावी, शक्य तिथे ८,००० हर्ट्झच्या पलीकडची, कारण पहिला घाव तिथेच बसतो. सलाइन लागण्याआधी नातेवाइकांनी ती मागून घ्यावी. अमिकासिनसारखी इंजेक्शनं किंवा लघवीची काही औषधं चालू असतील तर तेही सांगावं, ती कानावरचा भार वाढवतात.

ऐकणं गेल्यावर मिळणाऱ्या मदतीचंही पाहायला हवं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ‘ऐकण्यात अडचण’ धरली जाते ती बोलण्याच्या स्वरपट्टीत दोन्ही कानांत ६० डेसिबलपासून पुढे नुकसान असेल तेव्हा. सिसप्लॅटिनचा मार बहुधा त्या पट्टीच्या वरच्या टोकाला आणि पलीकडे असतो, त्यामुळे वर्गात निम्मे शब्द हुकणाऱ्या मुलाचा आकडा पुष्कळदा त्या रेषेपर्यंत पोचतच नाही. त्याला पुढचं बाक, शिक्षकांच्या गळ्यात अडकवायचा माइक आणि नीट जुळवलेलं कानाचं मशीन एवढं मिळालं तरी तो शाळेत टिकेल. हे मागायला त्याच्या आईवडिलांना प्रमाणपत्राची वाट पाहावी लागू नये. डिस्चार्जच्या कागदावरच डॉक्टरांनी शाळेसाठी दोन ओळी लिहून द्याव्यात.