सातबारा, संगणक आणि चावडी

भीमेच्या काठीं, शिरूर तालुक्यांत, वडगाव रासाई हें गांव आहे. अशा गांवीं वडिलोपार्जित जमीन, परंतु बिऱ्हाड मात्र पुण्या-मुंबईस, अशीं कुटुंबें आमच्या वाचकांत पुष्कळ असतील. हल्लीं सातबाऱ्याचा उतारा घरबसल्या संगणकावर मिळतो. परंतु यंत्रांतून निघालेल्या त्या कागदावर विश्वास ठेवावा तो कितपत?

हस्तलिखित दप्तर संगणकांत उतरवितांना चुका होणें अपरिहार्यच होतें. कोठें वारसाचें नांव गळे, कोठें क्षेत्राचा मेळ बसेना. भावाभावांच्या वाटणींत एका आराचें मोल काय, हें एकत्र कुटुंबांत वाढलेल्यांस सांगावयास नको. यावर २०१७ सालीं महसूल खात्यानें योजलेला उपाय आम्हांस फार मार्मिक वाटतो. संगणकावरील उतारे गांवोगांव खातेदारांसमक्ष वाचून दाखवावयाचे व हरकती ऐकून दुरुस्त करावयाचे, हेंच तें चावडीवाचन. येथें परीक्षक कोणी पदवीधर एंजिनियर नव्हे, तर आपला बांध ओळखणारा शेतकरी! आज्ञावलीचें एक अक्षर न कळणाऱ्यासही तिचें उत्तर बरोबर कीं चूक हें सांगतां येतें. (जिरायत, पोटखराब, आकार हे शब्द मात्र तसेच राहिले आहेत, ते उलगडून सांगणारें वडीलधारें माणूस अजून घरांत असावेंच लागतें.)

२०१८ सालापासून उताऱ्यावर डिजिटल स्वाक्षरी येऊं लागली. सही झाल्यावर त्या संगणकीय दस्तऐवजांतील एक अक्षर बदललें, तरी पडताळणींत ती जुळत नाहीं. पण येथें घोटाळा होतो. कागद मागाहून बदललेला नाहीं, एवढीच ग्वाही ही सही देते. नोंद मुळांत खरी कीं खोटी, हें ती सांगत नाहीं. १९६६ चा जमीन महसूल अधिनियमही नोंद खरी मानतो, ती विरुद्ध पुरावा येईपर्यंतच.

म्हणून ‘आपली चावडी’ या संकेतस्थळाकडे लक्ष असावें. आपल्या गांवीं कोणता फेरफार चालू आहे, तें तेथें दिसतें. नोटीस मिळाल्यावर हरकतीस पंधरा दिवसांची मुदत असते. २००५ च्या दुरुस्तीनें वडिलोपार्जित मिळकतींत मुलींस मुलांइतकाच हक्क दिला आहे; तेव्हां सासरीं गेलेल्या भगिनींनींही हें स्वतः पाहावें, भावाच्या पत्राची वाट पाहूं नये. त्यासाठीं गट क्रमांक ठाऊक असला म्हणजे पुरे. तो बहुधा आजोबांच्या ट्रंकेंतील जुन्या उताऱ्यावर सांपडेल.