जुन्या मोटारसायकलच्या इंजिनातील गॅस्केट बदल : शास्त्र, पद्धती आणि कारागिराचे आरोग्य

सूचक शब्द : गॅस्केट, चार-स्ट्रोक इंजिन, औष्णिक प्रसरण, ॲस्बेस्टॉस, ग्रामीण दुरुस्ती व्यवसाय

प्रस्तावना :

धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद) हा मराठवाड्यातील प्रामुख्याने कोरडवाहू शेतीचा जिल्हा होय. येथील शेतकरी, दूधविक्रेते व फेरीवाले यांच्यासाठी जुनी मोटारसायकल ही हौसेची वस्तू नसून उपजीविकेचे साधन आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार खाजगी वाहनाची पहिली नोंदणी १५ वर्षांची असते व तपासणीनंतर तिचे पाच वर्षांसाठी नूतनीकरण करता येते. त्यामुळे 'एम.एच. २५' क्रमांकाच्या जुन्या गाड्या दुरुस्तीच्या आधारे दीर्घकाळ वापरात राहतात.

अशा गाड्यांत नेहमी आढळणारा विकार म्हणजे इंजिनच्या सांध्यांतून होणारी तेलगळती. ज्याला शास्त्रीय परिभाषेत गॅस्केट म्हणतात, त्यालाच गॅरेजमध्ये 'पॅकिंग' म्हणतात. पॅकिंग बदलूनही गळती पुन्हा सुरू होते, तेव्हा दोष सुट्या भागाला दिला जातो. वस्तुतः गॅस्केट बदलणे म्हणजे केवळ एक चकती बदलणे नसून संपूर्ण सांधा दुरुस्त करणे होय. हे स्पष्ट करणे, तसेच या कामातील आरोग्याच्या धोक्याकडे लक्ष वेधणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

१) गॅस्केटचे कार्य :

यंत्रावर घासून सपाट केलेल्या धातूच्या पृष्ठभागावरही सूक्ष्म उंचसखलपणा असतो. दोन पृष्ठभागांमध्ये दाबले गेलेले मऊ गॅस्केट हा उंचसखलपणा भरून काढते. म्हणजेच गळती रोखण्याचे श्रेय गॅस्केटइतकेच त्याला दाबून धरणाऱ्या बोल्टच्या ताणालाही आहे.

उदाहरणादाखल १९८५ साली भारतात आलेल्या हिरो होंडा सीडी १०० या गाडीचे ९७.२ सी.सी.चे इंजिन घेऊ. त्याच्या सिलिंडरचा व्यास ५० मि.मी., म्हणजे क्षेत्रफळ सुमारे १९.६ चौ.सें.मी. आहे. ज्वलनाच्या वेळचा सर्वोच्च दाब ५० बार धरल्यास सिलिंडर हेडला वर ढकलणारे बल सुमारे एक हजार किलोग्रॅम भाराइतके होते. मिनिटाला ६००० फेऱ्यांच्या गतीने हा धक्का सेकंदाला ५० वेळा बसतो आणि तो चार स्टडना पेलावा लागतो.

यात उष्णतेची भर पडते. तापमान १०० अंश सेल्सिअसने वाढले असता १०० मि.मी. लांबीचे ॲल्युमिनियम सुमारे ०.२३ मि.मी., तर तेवढेच पोलाद सुमारे ०.१२ मि.मी. वाढते. इंजिन तापताना ॲल्युमिनियमचे भाग पोलादी स्टडपेक्षा अधिक फुगतात व गॅस्केट अधिक दाबले जाते. थंड होताना दाब घटतो. वर्षानुवर्षे हे आवर्तन चालल्याने गॅस्केट आपली लवचिकता गमावते.

२) गळतीचे निदान :

गॅस्केट बदलण्यापूर्वी गळतीचे कारण शोधणे आवश्यक आहे. प्रथम इंजिन स्वच्छ धुऊन, कोरडे करून थोडे चालवावे आणि तेल नेमके कोठून झिरपते ते पाहावे. हेडच्या सांध्यावर साबणाचे पाणी लावल्यास वायूची गळती बुडबुड्यांवरून ओळखता येते.

एकाच वेळी अनेक सांध्यांतून तेल येत असेल, तर क्रँककेसमधील वाढलेल्या दाबाची शंका घ्यावी. ब्रीदर नळी तुंबल्याने किंवा पिस्टन रिंग झिजल्याने हा दाब वाढतो. मूळ दोष तसाच ठेवून पॅकिंग बदलल्यास खर्च वाया जातो. दोन-स्ट्रोक इंजिनात, उदाहरणार्थ एस्कॉर्ट्स कंपनीच्या राजदूतमध्ये, हा प्रश्न अधिक गंभीर ठरतो. तेथे सिलिंडरखालच्या गॅस्केटमधून बाहेरची हवा आत शिरते, मिश्रणातील पेट्रोलचे प्रमाण घटते, इंजिन अतितप्त होते आणि पिस्टन जाम होऊ शकतो.

३) बदलण्याची पद्धती :

हे काम इंजिन पूर्ण थंड असतानाच करावे. चार-स्ट्रोक इंजिनात प्रथम मॅग्नेटोवरील 'टी' खूण जुळवून पिस्टन कॉम्प्रेशनच्या सर्वोच्च बिंदूवर आणावा. टायमिंग चेन आत पडू नये म्हणून ती तारेने बांधून ठेवावी. हेडच्या नटा तिरप्या क्रमाने, दोन-तीन टप्प्यांत सैल कराव्यात. सांध्यात पेचकस घालून हेड उचकटू नये. त्याने पडलेला ओरखडा हीच पुढील गळतीची वाट ठरते. रबरी हातोडीचे हलके ठोके पुरेसे असतात.

पृष्ठभाग स्वच्छ केल्यावर त्यावर सरळ पट्टी ठेवून खाली फिलर गेजची पाती घालून पाहावी. वाकलेपणा निर्मात्याच्या पुस्तिकेतील मर्यादेपेक्षा अधिक असल्यास पृष्ठभाग सपाट करून घ्यावा. वाकलेल्या हेडखाली नवे गॅस्केट टिकत नाही. नवे गॅस्केट बसवताना तेलाच्या वाटेचे छिद्र, डॉवेल पिना, ओ-रिंग व तांब्याच्या वॉशर यांची जुळणी तपासावी. सीलंटचा जाड थर लावल्यास त्याचा तुकडा सुटून तेलाची वाट बुजवू शकतो. शेवटी टॉर्क रेंचने, पुन्हा तिरप्या क्रमाने व टप्प्याटप्प्याने, नटा आवळाव्यात आणि टॅपेटचे अंतर तपासावे.

४) जाडीचा प्रश्न :

'जाड पॅकिंग चांगले टिकते' हा समज गणिताच्या कसोटीवर तपासता येतो. ९७.२ सी.सी.च्या इंजिनाचे संपीडन गुणोत्तर ९:१ मानल्यास ज्वलनकक्षाचे आकारमान सुमारे १२.१५ सी.सी. येते. गॅस्केट ०.५ मि.मी.ने जाड झाल्यास त्यात जवळपास १ सी.सी.ची भर पडते व गुणोत्तर सुमारे ८.४:१ पर्यंत उतरते. परिणामी शक्ती घटते आणि इंधनाचा खर्च वाढतो. गाडीवर पोट असलेल्या कुटुंबाला हा तोटा रोज सोसावा लागतो.

५) धुळीचा धोका :

जुन्या इंजिनांच्या अनेक गॅस्केटमध्ये उष्णतारोधक म्हणून ॲस्बेस्टॉसचे तंतू वापरले जात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ॲस्बेस्टॉसचा समावेश मानवात कर्करोग निर्माण करणाऱ्या पदार्थांत केला आहे. त्याचे आजार अनेक दशकांनंतर प्रकट होत असल्याने कारण व परिणाम यांचा संबंध कारागिराच्या लक्षात येत नाही. चिकटलेले पॅकिंग कोरडे खरवडणे आणि हवेच्या दाबाने धूळ उडवणे या दोन सवयी म्हणूनच घातक आहेत.

सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये ॲस्बेस्टॉस कामगारांच्या खटल्यात कामगाराचे आरोग्य हा जीविताच्या अधिकाराचा भाग असल्याचे मान्य केले. एकट्याने गॅरेज चालवणारा मेस्त्री आणि त्याच्या हाताखाली शिकणारा मुलगा यांच्यापर्यंत मात्र त्या संरक्षणाचा लाभ आपोआप पोहोचत नाही. जुने पॅकिंग कशाचे आहे हे नजरेने ओळखता येत नसल्याने प्रत्येक जुन्या पॅकिंगला संशयित मानावे. ते पाण्याने भिजवून ओलेच काढावे, ओल्या फडक्याने पुसावे, अवशेष पिशवीत बंद करावेत आणि सूक्ष्म कण अडवणारा मास्क वापरावा. साधा रुमाल पुरत नाही. नवे गॅस्केट ॲस्बेस्टॉसविरहित असल्याची खात्री करूनच घ्यावे.

निष्कर्ष :

गॅस्केटचे टिकणे त्याच्या किमतीपेक्षा अचूक निदान, सपाट पृष्ठभाग व समान ताण यांवर अवलंबून असते. कारागिराच्या हाती कसब आहे. त्याला मोजमापाची व सुरक्षिततेची जोड हवी. औष्णिक प्रसरण, दाब व संपीडन गुणोत्तर हे विषय महाविद्यालयांत शिकवले जातातच. भौतिकशास्त्र विभाग आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्था यांनी स्थानिक मेस्त्रींसाठी एक दिवसाची संयुक्त कार्यशाळा घेतल्यास वर्गातील सिद्धान्त गॅरेजपर्यंत पोहोचेल. तिची सुरुवात पॅकिंग ओले करून काढण्याच्या प्रात्यक्षिकाने व्हावी. कारण बिघडलेले इंजिन पुन्हा दुरुस्त करता येते, कारागिराचे निकामी झालेले फुप्फुस मात्र पूर्ववत होत नाही.