संसदेत मरायला बंदी नाही

ब्रिटनच्या संसदेत मरायला कायद्याने बंदी आहे, हे वाक्य तुम्हीही कुठे ना कुठे वाचलं असणार. साप्ताहिक पुरवणीतल्या चौकटीत, ‘तुम्हांला ठाऊक आहे का?’ छापाच्या सामान्यज्ञानाच्या पुस्तकात, आणि गेली काही वर्षं व्हॉट्सॲपच्या ढकलपत्रांत तर हमखास. वेस्टमिन्स्टर पुलावर बस आली की आपले टूर मॅनेजरही माइक हातात घेऊन हेच सांगतात आणि सगळी बस हसते. सोबत कारणही जोडलेलं असतं. संसद म्हणजे मुळात राजवाडा, राजवाड्यात मरणाऱ्याला शासकीय इतमामात अंत्यसंस्काराचा हक्क, आणि तो खर्च वाचवायला हा कायदा! कारण जोडलेलं असलं की थाप पचायला सोपी जाते.

असा कायदा नाही. आज नाही आणि पूर्वीही नव्हता.

साधा विचार करून बघा. हा गुन्हा केला तर शिक्षा द्यायची कोणाला? मेलेल्याला की त्याच्या वारसाला? एवढा प्रश्न जरी कोणी विचारला असता तरी हे ढकलपत्र पहिल्याच मुक्कामी थांबलं असतं. पण ‘इंग्रज विक्षिप्तच’ असं एकदा मनाशी धरलं की त्यांच्याबद्दल काहीही खपतं. गंमत म्हणजे ही थाप आपण बनवलेली नाही. 2007 मध्ये यूकेटीव्ही गोल्ड नावाच्या तिथल्याच वाहिनीने ब्रिटनमधला सर्वांत हास्यास्पद कायदा निवडण्यासाठी लोकांची मतं मागवली. पहिला नंबर या संसदेतल्या मरणाने पटकावला, वर्तमानपत्रांनी बातमी छापली आणि कायदा ‘सिद्ध’ झाला. यादीतला कायदा अस्तित्वात आहे का, हे मत देणाऱ्यांना कोणी विचारलंच नव्हतं.

ज्यांनी विचारायचं त्यांनी पुढे तेही काम केलं. इंग्लंड आणि वेल्सचा विधी आयोग ही 1965 पासूनची वैधानिक संस्था आहे. कालबाह्य कायदे हुडकून ते रद्द करण्याची शिफारस करणं हे तिच्या कामांपैकी एक, म्हणजे मेलेले कायदे शोधून पुरण्याचा या मंडळींना पगार मिळतो. लोकांच्या त्याच त्या प्रश्नांना उत्तरं म्हणून आयोगाने 2013 मध्ये एक छोटी पुस्तिका काढली. संसदेतल्या मृत्यूबद्दल आयोग स्वच्छ म्हणतो की असा कायदा सापडत नाही, आणि संसदेच्या अधिकाऱ्यांच्या माहितीनुसार तिथे किमान चार माणसं मरण पावलेली आहेत.

त्यातला सर्वांत गाजलेला मृत्यू खुद्द पंतप्रधानांचा. 11 मे 1812 च्या संध्याकाळी पाचच्या सुमारास स्पेन्सर पर्सिव्हल हाउस ऑफ कॉमन्सच्या लॉबीत शिरले. जॉन बेलिंगहॅम नावाचा एक व्यापारी तिथे वाट पाहत होता. रशियात त्याला तुरुंगवास भोगावा लागला होता, सरकारने नुकसानभरपाई नाकारली होती आणि तो राग त्याने डोक्यात घेतला होता. त्याने पुढे होऊन पर्सिव्हल यांच्या छातीत गोळी झाडली. त्यांना उचलून शेजारच्या खोलीत नेलं, पण डॉक्टर येईपर्यंत सगळं संपलं होतं. बेलिंगहॅम पळाला नाही, तिथल्याच बाकावर बसून राहिला. आठवड्याच्या आत, 18 मे रोजी, त्याला फाशी झाली. खून झालेला हा ब्रिटनचा आजवरचा एकमेव पंतप्रधान.

आता त्या तथाकथित हक्काचं काय झालं ते बघा. पंतप्रधान, तोही पदावर असताना, तोही संसदेत आणि तोही मारेकऱ्याच्या गोळीने! राजवाड्यात मरणाऱ्याला शासकीय अंत्यसंस्कार मिळत असते तर यांच्याइतका पात्र माणूस दुसरा कोण? पण कुटुंबीयांच्या इच्छेनुसार पर्सिव्हल यांचा दफनविधी चार्लटनच्या चर्चमध्ये खाजगीत झाला. संसदेने त्यांच्या मुलांसाठी 50,000 पौंड मंजूर केले, ही वेगळी गोष्ट. राजवाड्याचा त्याच्याशी काही संबंध नव्हता.

यावर एखादा चिकित्सक म्हणेल की ती इमारत जुनी. बरोबर आहे. तो जुना राजवाडा 1834 च्या आगीत जळाला आणि आज फोटोत दिसते ती इमारत त्यानंतरची. मग नव्या इमारतीतलं उदाहरण घ्या. 1907 मध्ये सर आल्फ्रेड बिल्सन हे खासदार मतदानाच्या लॉबीतच कोसळले आणि गेले. कोणावर खटला भरला नाही की कोणी तोफा डागल्या नाहीत.

मुळात ब्रिटनमध्ये शासकीय अंत्यसंस्कार ही फार दुर्मीळ गोष्ट आहे. आपल्याकडे राज्य सरकार मान्यवरांना तसा इतमाम वरचेवर देतं, त्यामुळे तिकडेही तसंच असेल असं आपण धरून चालतो. तिथे हा मान प्रामुख्याने राजा किंवा राणीचा. इतर कोणाला द्यायचा तर सम्राटाची इच्छा लागते आणि खर्चाला संसदेची मंजुरी. नेल्सन, वेलिंग्टन, ग्लॅडस्टन, चर्चिल अशी थोडीच नावं त्या यादीत आहेत. डायनाचा 1997 मधला आणि थॅचरबाईंचा 2013 मधला अंत्यविधी जगाने पाहिला, पण तांत्रिकदृष्ट्या ते दोन्ही शासकीय नव्हते. 1965 मधल्या चर्चिलनंतर थेट 2022 मध्ये, दुसऱ्या एलिझाबेथ यांचा. मृत्यू कुठल्या इमारतीत झाला याला यात काडीचं महत्त्व नाही. चर्चिल गेले ते लंडनमधल्या आपल्या घरी.

वाहिनीच्या त्या यादीतल्या बाकीच्या थापा थोडक्यात निकालात निघतात. राजाचं चित्र असलेलं तिकीट उलटं चिकटवणं हा राजद्रोह नाही. 1848 च्या कायद्यात सम्राटाला पदच्युत करण्याचा हेतू लागतो आणि तो डिंकाने सिद्ध होत नाही. नाताळात मिन्स पाय हा गोड पदार्थ खाणं गुन्हा नाही. 1644 चा नाताळ सरकारी उपवासाच्या दिवशी आला होता आणि पुढे प्युरिटन संसदेने नाताळच बंद केला, पण 1660 मध्ये राजेशाही परतल्यावर ते फर्मान गेलं. चेस्टर शहरात मध्यरात्रीनंतर वेल्श माणसाला बाणाने मारायची मुभा नाही; 1403 मध्ये वेल्श बंडाच्या वेळी तिथे संचारबंदी लागली होती, तिला लोकांनी मीठमसाला लावला. गरोदर बाईला पोलिसाच्या हेल्मेटमध्ये लघवी करण्याचा हक्क आहे, या थापेला तर कसलाच आधार नाही. कोणाच्या डोक्यातून निघाली देव जाणे.

मला खरा वैताग वेगळ्याच गोष्टीचा येतो. या बनावट कायद्यांपायी खरे कायदे झाकले जातात, आणि ते जास्त मजेदार आहेत. चिलखत घालून संसदेत जायला खरोखर बंदी आहे. दुसऱ्या एडवर्डच्या काळातला, 1313 चा हा कायदा अजून लागू आहे. लंडनच्या रस्त्यावर गालिचा झटकणं 1839 च्या महानगर पोलीस कायद्याच्या कलम 60 नुसार गुन्हा. पायपुसणं तेवढं सकाळी आठच्या आत झटकता येतं. त्याच कायद्याचं कलम 54 लोकांना त्रास होईल असा पतंग उडवायला मनाई करतं. 1872 च्या परवाना कायद्याप्रमाणे चक्क पबमध्ये दारू पिऊन झिंगणं हा गुन्हा आहे, आणि रस्त्यावर दारूच्या नशेत गाय, घोडा किंवा वाफेचं इंजिन ताब्यात ठेवणं हाही. 1986 च्या सॅमन कायद्यातल्या कलम 32 चं शीर्षक वाचून हसू येतं, कारण संशयास्पद परिस्थितीत सॅमन मासा हाताळायला ते मनाई करतं. पण आत वाचलं तर हेतू सरळ आहे. चोरून पकडलेला मासा घेणाऱ्या-विकणाऱ्यालाही पकडता यावं, एवढाच.

देवमासा आणि स्टर्जन मासा राजाच्या मालकीचे, हेही चौदाव्या शतकापासून खरं. 2004 मध्ये वेल्सच्या एका मच्छीमाराला स्वान्झीच्या उपसागरात स्टर्जन सापडला. त्याने रीतसर तो राणीला देऊ केला. राजवाड्याने कळवलं, तुम्हीच ठेवा. आणि मग पोलीस चौकशीला आले, कारण स्टर्जन आता संरक्षित प्रजाती आहे. शेवटी मासा पोचला लंडनच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयात. अशी खरी गोष्ट समोर असताना हेल्मेटचं खोटं कशाला हवं?

बाकी फुटकळ गैरसमजांना एवढंच. बिग बेन हे मनोऱ्यातल्या मोठ्या घंटेचं नाव. मनोरा 2012 पासून एलिझाबेथ टॉवर आहे. दोन मनोऱ्यांचा, मधून उघडणारा पूल म्हणजे लंडन ब्रिज नव्हे, तो टॉवर ब्रिज. लंडन ब्रिज हा नदीवरचा शेजारचा साधासा पूल, आणि त्याच्या आधीचा 1831 चा पूल 1968 मध्ये विकला जाऊन अमेरिकेत ॲरिझोनात उभा आहे. बकिंगहॅम राजवाड्यावर युनियन जॅक फडकत असला तर राजा घरी नाही असं समजावं. ब्रिटनची राज्यघटना ‘अलिखित’ असं आपण शाळेत पाठ केलं, पण तिचा मोठा भाग कायद्यांच्या रूपात लिहिलेलाच आहे, फक्त एका ग्रंथात बांधलेला नाही. कोहिनूर दुसऱ्या एलिझाबेथ यांनी कधीच डोक्यावर चढवला नाही. तो त्यांच्या आईच्या 1937 मधल्या मुकुटात आहे. आणि लंडनचा पाऊस? वर्षाला साधारण 600 मिलिमीटर, म्हणजे पुण्याहूनही कमी. मुंबईत एकट्या जुलैत त्याहून जास्त पडतो.

तेव्हा पुढचं ढकलपत्र आलं की पाठवणाऱ्याला दोनच गोष्टी विचारा: कायद्याचं साल आणि कलम. खऱ्या कायद्याला दोन्ही असतात, आणि ब्रिटनचे कायदे सरकारी संकेतस्थळावर कोणालाही फुकट वाचता येतात. उत्तर आलं नाही तर पुढे ढकलू नका.