पाळणाघराची फी वाढतेय, मग ताईंचा पगार का वाढत नाही?

सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दर काही दिवसांनी एक मेसेज हमखास येतो. "जवळपास चांगलं पाळणाघर आहे का? घरगुती वातावरण हवं, सीसीटीव्ही हवा, संध्याकाळी आठपर्यंत उघडं हवं, आणि फी जरा रिझनेबल." खाली दोन-चार नंबर येतात. त्यातलं एक पाळणाघर बंद झालेलं असतं, दुसऱ्यात जागा नसते आणि तिसऱ्याची फी ऐकून आईबाबा गप्प होतात.

फी एवढी असेल तर पाळणाघरवाले चांगलेच कमवत असतील, असं वाटणं साहजिक आहे. पण बाळाला भरवणाऱ्या, झोपवणाऱ्या, दिवसातून पाच वेळा डायपर बदलणाऱ्या ताईंना पगार विचारलात तर आकडा भलताच कमी निघतो. मग पैसा जातो कुठे?

आधी हिशेब मांडू

हे उदाहरण काल्पनिक आहे, पण मुंबई-पुण्याच्या उपनगरातल्या कुणालाही ओळखीचं वाटेल. समजा, एका टू बीएचके फ्लॅटमध्ये पाळणाघर चालतं. मुलं १५, फी महिना ६,००० रुपये. म्हणजे जमा ९०,०००.

आता खर्च. भाडं २८,०००. दूध, नाश्ता, वरणभात, फळं यांचे मुलामागे १,२०० धरले तर १८,०००. वीज, गॅस, पाणी, फिनाईल, खेळणी, मोडतोड मिळून ९,०००. झाले ५५,०००. उरले ३५,०००. त्यात दोन ताईंना प्रत्येकी ८,००० आणि स्वयंपाक-सफाई करणाऱ्या मावशींना ६,००० दिले की पाळणाघर चालवणाऱ्या काकूंच्या हातात १३,००० राहतात. आणि त्या सकाळी आठ ते रात्री आठ तिथेच असतात बरं का.

मग दोन मुलं शाळेत गेली. १२,००० फी गेली. जेवणाचे २,४०० वाचले, पण भाडं कमी झालं नाही आणि ताईही तेवढ्याच लागतात. काकूंचे उरले ३,४००.

मे महिना तर विचारूच नका. मुलं आजोळी जातात आणि आईबाबा म्हणतात, "महिनाभर तो येणारच नाही, तर अर्धीच फी घ्या ना." आईबाबांच्या बाजूने पाहिलं तर यात चूक काहीच नाही. पण १५ पैकी सहा जणांनी असं केलं की १८,००० रुपये कमी जमा होतात. अनेक ठिकाणी मग ताईंनाही मे महिन्यात अर्धा पगार किंवा बिनपगारी सुट्टी मिळते. थोडक्यात, तुमच्या मुलाच्या सुट्टीचा खर्च शेवटी ताईंच्या पगारातून वसूल होतो.

आता दोन्ही ताईंना १५,००० द्यायचे ठरवू. १४,००० रुपये जास्त लागतील. पंधराही मुलं टिकली असली तरी काकू हजार रुपयांनी तोट्यात. हे टाळायचं तर प्रत्येक मुलामागे फी साधारण ९३० रुपयांनी वाढवावी लागेल.

जास्त मुलं घेतली तर?

इथे या धंद्याची खरी गोम आहे. मोबाइल बनवणारा कारखाना नवीन मशीन आणतो आणि तेवढ्याच कामगारांत दुप्पट मोबाइल काढतो. खर्च विभागला जातो, पगार वाढवायला वाव मिळतो. बाळ सांभाळायचं मशीन नाही. एक ताई एका वेळी दोन बाळांना भरवू शकते, फार तर तीन. त्यातलं एक रडायला लागलं की उरलेली दोन थांबतात.

अर्थशास्त्रात याला 'कॉस्ट डिसीज' म्हणतात. विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन या दोन अमेरिकन अर्थतज्ज्ञांनी १९६० च्या दशकात संगीत-नाटकाच्या खर्चाचा अभ्यास करताना ही कल्पना मांडली. चार वादकांची रचना दोनशे वर्षांपूर्वी वाजवायला जेवढा वेळ आणि जेवढी माणसं लागायची, तेवढीच आजही लागतात. पण आजूबाजूचे पगार आणि भाडी वाढतात, त्यामुळे मैफल महाग होत जाते. पाळणाघराचंही अगदी तसंच.

म्हणून एका ताईमागे मुलं वाढवून पैसे वाचतात खरे, पण ते लक्ष कमी करून वाचलेले असतात. मातृत्व लाभ कायद्याखालच्या पाळणाघरांसाठी केंद्राने २०१८ मध्ये मार्गदर्शक तत्त्वं दिली. त्यात तीन वर्षांखालच्या दर १० मुलांमागे एक सांभाळणारी व्यक्ती असावी, असं म्हटलंय. मदतनीस धरली तरी मला हा आकडा जास्तच वाटतो. इंग्लंडमध्ये दोन वर्षांखालच्या तीन बाळांमागे एक व्यक्ती असा नियम आहे.

फी का वाढवता येत नाही?

कारण समोरच्या घरातही एक हिशेब चाललेला असतो. आई २५,००० कमावते. पाळणाघराला ६,०००, प्रवासाला ३,०००, दमून आल्यावर बाहेरून मागवलेल्या जेवणाला आणखी काही. मग कुणीतरी म्हणतंच, "एवढं करून काय उरतं? त्यापेक्षा घरीच राहा." (पाळणाघराची फी नेहमी आईच्याच पगारातून का वजा करतात, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे. बाबांचा पगार मात्र या हिशेबात कधी येत नाही.)

म्हणजे फीला वरून एक झाकण आहे, आणि ते आईच्या पगाराचं आहे. खालून भाडं ढकलतंय. या दोघांच्या मध्ये दाबता येईल अशी एकच गोष्ट उरते, ती म्हणजे ताईंचा पगार. पाळणाघर परवडतं, कारण त्यातला एक हिस्सा ताई कमी पगार घेऊन भरत असते.

हे फक्त तिसऱ्या कुणीतरी पैसे घातले तरच सुटू शकतं. तो तिसरा एकतर नोकरी देणारी कंपनी, नाहीतर सरकार.

कंपनीने पाळणाघर द्यायचं असतं ना?

हो, कायदा आहे. आणि आजचा नाही. १९४८ च्या फॅक्टरी कायद्यात ३० पेक्षा जास्त महिला कामगार असलेल्या कारखान्यात पाळणाघर सक्तीचं केलं होतं. २०१७ मध्ये मातृत्व लाभ कायद्यात दुरुस्ती झाली. रजा १२ वरून २६ आठवडे झाली आणि ५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय बंधनकारक झाली. आईला दिवसातून चार वेळा बाळाला भेटायची मुभाही दिली.

अडचण अशी की हा सगळा खर्च कंपनीनेच करायचा. मग काही मालक बाईला नोकरीवर घेण्याआधीच मनात हा हिशेब करतात. शिवाय दुकानातली सेल्सगर्ल, घरकाम करणारी बाई, शेतमजूर, घरी बसून पीस-रेटवर शिवणारी बाई यांच्यापर्यंत हा कायदा पोहोचतच नाही. त्यांच्यासाठी उरतं सरकार.

सरकारी पाळणाघरात ताईंना किती मिळतात?

हे आकडे जरा नीट वाचा. केंद्राच्या राष्ट्रीय पाळणाघर योजनेत ताईंना महिना ३,००० आणि मदतनिसांना १,५०० रुपये मानधन ठरलेलं होतं. काम महिन्याला २६ दिवस, रोज साडेसात तास, मुलं २५. भागाकार केला तर ताईंना तासाला साधारण १५ रुपये पडतात. एवढ्यात रस्त्यावरचा वडापावही जेमतेम येतो.

या योजनेची देशभरात एकेकाळी २३ हजारांहून जास्त पाळणाघरं होती. २०२० पर्यंत ती साडेसहा हजारांच्या आसपास आली. २०१७ मध्ये योजनेचं रूप बदललं होतं. खर्चाचे ६० टक्के केंद्र, ३० टक्के राज्य आणि १० टक्के पाळणाघर चालवणारी संस्था, अशी वाटणी झाली. तीन खिशांतून पैसे यायचे म्हटल्यावर एक खिसा अडला की पुढचं सगळं अडतं. पाठोपाठ कोरोना आला आणि उरलेलीही बंद ठेवावी लागली.

२०२२ पासून 'मिशन शक्ती'मध्ये 'पाळणा' नावाने योजना पुन्हा आली. आता भर आहे अंगणवाडीलाच जोडून पाळणाघर चालवण्यावर, आणि लक्ष्य होतं अशा १७,००० केंद्रांचं. कल्पना चांगली आहे, कारण जागा आणि पोषण आहाराची सोय आधीच असते. मानधनही वाढलं. अशा केंद्रात पाळणाघराच्या ताईंना ५,५०० आणि मदतनिसांना ३,००० रुपये. तासाचा हिशेब २८ रुपयांच्या जवळपास जातो.

'पगार' नाही, 'मानधन'

तुमच्या लक्षात आलं असेल, सरकारी आकडे सांगताना 'पगार' हा शब्द आलाच नाही. 'मानधन' हा शब्द ऐकायला मोठा आदराचा वाटतो. पण त्याचा अर्थ असा की या बायका सरकारच्या कर्मचारी नाहीत, स्वयंसेविका आहेत. त्यामुळे किमान वेतन, वेतन आयोग, पेन्शन यांचा प्रश्नच येत नाही.

महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविका याच शब्दाशी वर्षानुवर्षं भांडतायत. २०१८ मध्ये केंद्राने सेविकांचं मानधन ३,००० वरून ४,५०० केलं. त्याच्यावरची भर राज्य आपल्या तिजोरीतून घालतं. २०२३ मध्ये संपानंतर राज्यात ही रक्कम १०,००० वर गेली. ४ डिसेंबर २०२३ ला त्या पुन्हा संपावर गेल्या आणि हा संप ५० दिवसांहून जास्त चालला. २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने सेविकांचं मानधन १३,००० आणि मदतनिसांचं ७,५०० केलं, शिवाय निकष पाळले तर प्रोत्साहन भत्ता.

कोर्टातही एक लढाई झाली. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गुजरातमधल्या एका प्रकरणात अंगणवाडी सेविका आणि मदतनिसांना ग्रॅच्युइटीचा कायदा लागू होतो, असा निकाल दिला. खाजगी पाळणाघरातल्या ताईंकडे मात्र ना संघटना, ना नेमणुकीचं पत्र. मोर्चा काढायचा तर कुणाविरुद्ध? काकूंविरुद्ध? त्यांच्याच हातात १३,००० उरतायत.

मग सरकारने पैसे दिले की सुटलं?

लंडनला राहणाऱ्या कुणा नातेवाइकांना विचारा. तिथल्या नर्सरीच्या फीबद्दल ते भरभरून बोलतील. इंग्लंडमध्ये सरकारने मोठं पाऊल उचललं. सप्टेंबर २०२५ पासून नऊ महिन्यांच्या बाळापासून शाळेत जाईपर्यंत, नोकरी करणाऱ्या पात्र आईबाबांना आठवड्याला ३० तासांची सोय सरकारी खर्चाने मिळते. वर्षातले ३८ आठवडे.

तरी तिथल्या नर्सरी तक्रार करतातच. सरकार तासाचा एक दर ठरवून देतं आणि तो आमच्या खर्चाला पुरत नाही, असं त्यांचं म्हणणं. एप्रिल २०२५ मध्ये किमान वेतन तासाला १२.२१ पौंड झालं. त्याच महिन्यात कर्मचाऱ्यांमागे मालकाने भरायचा राष्ट्रीय विमा १३.८ वरून १५ टक्के झाला. तीन बाळांमागे एक माणूस ठेवावाच लागतो, त्यामुळे हा बोजा थेट अंगावर येतो. मग नर्सरीवाले जेवणाचे, डायपरचे पैसे वेगळे लावतात, किंवा सरकारी तासांच्या बाहेरची फी वाढवतात.

म्हणजे तिसऱ्याने पैसे घालणं एवढंच पुरत नाही. तो दर ठरवताना ताईंचा पगार किती धरला, यावर सगळं अवलंबून आहे. आपल्याकडे तो ५,५०० धरलाय.

यात मुलांचं काय?

२०१६ मध्ये खारघरच्या एका पाळणाघरातला सीसीटीव्ही व्हिडिओ व्हायरल झाला होता. एका तान्ह्या मुलीला मारहाण होताना दिसत होती. राज्यभर संताप झाला आणि तो रास्तच होता. मारहाणीला कमी पगार हे कारण होऊ शकत नाही. पण त्यानंतरची बरीचशी चर्चा कॅमेरा, नोंदणी आणि पोलीस पडताळणी यांच्याभोवती फिरली. पाळणाघरात कुणाला घेतात, काय शिकवून घेतात आणि ती व्यक्ती किती दिवस टिकते, हे प्रश्न मागे पडले.

आठ हजारांवर काम करणाऱ्या ताईंना शेजारच्या सोसायटीत घरकामाचे दहा मिळाले तर त्या जाणारच. आणि दीड वर्षाच्या मुलाला ताई बदलली हे कळतं. ते रडतं, जेवत नाही, आईला सोडत नाही. आपण म्हणतो, "हल्ली फार चिडचिड करतोय."

पुढच्या वेळी पाळणाघर बघायला जाल तेव्हा कॅमेऱ्यासोबत आणखी तीन गोष्टी विचारा. ताई इथे किती वर्षांपासून आहेत? एका ताईकडे किती बाळं असतात? आणि मे महिन्यात त्यांना पूर्ण पगार मिळतो का? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' आलं, तर सुट्टीतही पूर्ण फी भरायची तुमची तयारी आहे का, हे काकू तुम्हाला उलट विचारू शकतात.