नोकर कोणाचा, मुंबईचा कीं जिल्ह्याचा?

१ मे १९६२ रोजीं महाराष्ट्रांत जिल्हा परिषदा स्थापन झाल्या. १९६१ च्या कायद्यान्वयें जुन्या लोकल बोर्डाचे नोकर त्यांजकडे गेलेच, पण सरकारी खात्यांतील पुष्कळ माणसेंही कामासह सोंपविलीं गेलीं. हें पाऊल आम्ही थोर मानतों. मात्र तें अर्ध्यावर थांबलें.

कारकून व शिक्षक जिल्ह्याचे झाले. मुख्य कार्यकारी अधिकारी व गटविकास अधिकारी सरकारचेच राहिले. अहमदनगर, आतां अहिल्यानगर, हा चौदा तालुक्यांचा, क्षेत्रफळानें राज्यांत सर्वांत मोठा जिल्हा. अकोले तालुक्यांतील पाऊस निराळा, जामखेडचा दुष्काळ निराळा. साहेबांस ही ओळख पटते न पटते तोंच बदलीचा हुकूम येतो. ज्याची बढती मुंबईच्या हातीं, त्याची नजर जामखेडकडे कां वळावी? नेपाळांतही २०१५ च्या राज्यघटनेनंतर ७५३ स्थानिक सरकारांस नोकर वांटून देतांना हाच पेंच पडला. पुष्कळांस काठमांडू सोडवेना.

नोकर सर्वस्वीं सभासदांच्या हातीं दिल्यास बदल्यांचा बाजार भरेल, असा आक्षेप आहे. ही भीति खोटी नव्हे. आम्हांसही ती वाटते. म्हणून नेमणूक व शिक्षा निःपक्षपाती मंडळाकडेच असावी. पण मुदतीपूर्वीं अधिकारी हलवावयाचा तर आधीं परिषदेची संमति घ्यावी, एवढें मागणें अवाजवी नाहीं.

मार्च २०२२ मध्यें येथील परिषदेची मुदत सरली आणि निवडणूक न होतां कार्यकारी अधिकारीच प्रशासक झाले. नोकर तोच, धनीही तोच! रस्ता खचला तर बाजारपेठेच्या व्यापाऱ्यानें गाऱ्हाणें न्यावें तरी कोणापुढें?